समोरचं कॅरेट

ग्रीस आणि रॉकेलनं माखलेल्या दुकानात रोज पांढरा शर्ट घालून येणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे भाऊ, आणि त्या शर्टाला एक तरी डाग पडावा म्हणून मी कित्येक वर्षं वाट पाहिली. पडला नाही. माझा निळा ॲप्रन सकाळी दहाला काळा झालेला असायचा आणि भाऊ संध्याकाळी घरी जाताना खिशातली फणी काढून केस विंचरत, कॉलर ताठ. बाजूबाजूला आमची टेबलं होती. एकाच मालकाचे आम्ही दोन मिस्त्री, पण येणाऱ्याला वाटे की भाऊ मालक आहेत आणि मी त्यांच्या हाताखालचा.

दुकान मूल गावात, राईस मिलच्या रस्त्यावर. आमच्याकडे मुख्यतः ग्रासकटर येत. खांद्याला अडकवायचं इंजिन, पुढे लांब नळी आणि नळीच्या टोकाला पातं फिरवणारी गिअरची छोटी पेटी, अशी ती मशीन. त्या पेटीला आमच्याकडे मुंडी म्हणतात. शेतकरी या मशीननं धान कापतात, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत काढतात. जंगलातली गावं तिनं जाळरेषा काढतात, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळ्याचा आणि झाडोऱ्याचा लांब पट्टा साफ करून ठेवतात. मुंडीतलं ग्रीस सुकलं की ती तापते, करकरते, आणि मग ती उघडून, धुऊन, पुन्हा भरावी लागते. काम अवघड नाही. मी चंद्रपूरला आयटीआय केलं तेव्हा याहून कितीतरी किचकट पेट्या खोलल्या होत्या.

भाऊ तरुणपणी आलापल्लीकडे लाकूड कापायच्या एका आरा मशीनवर शिकलेले. मी दुकानात लागलो त्या दिवशी मालकानं माझी ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाले, "आयटीआय का? बस मंग." तेव्हापासून मला दुसरं नाव उरलं नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांनी मला "आयटीआय, जिलेबी घे" म्हणून आग्रह केला आणि सासरकडची माणसं मला काही दिवस त्याच नावानं ओळखत होती.

आता भाऊंची पद्धत सांगतो. मुंडी आली की ते आधी तिला हात लावत नसत. टेबलासमोर भाजीवाल्यांकडचं एक निळं प्लास्टिकचं कॅरेट पालथं घातलेलं असे. "बसा," म्हणत. मशीनचा मालक त्या कॅरेटवर बसल्याशिवाय काम सुरूच होत नसे. मालकाला घाई असेल, त्यानं "ठेवून जातो, सांजच्याले नेतो" म्हटलं, तर भाऊ म्हणत, "मंग आयटीआयकडं द्या. त्याले मानूस नाई लागत." हे ते कुत्सितपणे म्हणत की सहज, ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्याकडे घाईची गिऱ्हाइकं येत ती अशी.

मालक बसला की भाऊ चुलीवर पाणी ठेवत. मुंडीचं कवच ॲल्युमिनियमचं. ते तापलं की थोडं पसरतं आणि आतली बेअरिंग सुटी होते, हे खरं आहे. पण त्यासाठी दुकानात हवा तापवायची गन होती, मी ती वापरायचो आणि मिनिटात मोकळा व्हायचो. भाऊ नळीचा बोल्ट ढिला करून मुंडी ओढून काढत, पिशवीत बांधून गरम पाण्याच्या गंजात सोडत आणि त्याच चुलीवर बाजूला चहा ठेवत. चहा होईपर्यंत गोष्ट. मग लॉक प्लायरनं लॉक काढायचं. लॉक म्हणजे बेअरिंगला जागेवर धरणारी, एका ठिकाणी तुटलेली पोलादी रिंग. मग मुंडी लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच आपटायची की बेअरिंग आणि गिअर हातात येतात. हे सगळे भाग ते पळसाच्या पानांवर मांडत, एका पानावर एक, पंगतीत वाढावं तसे ओळीनं. पानं रोज सकाळी स्वतः तोडून आणत. मी ट्रे वापरायचो.

आणि मांडून झालं की सांगायला लागत.

"हे मोठी चक्री दिसते ना, हे सासू. हे बारीकवाली सून. दोघीईचे दात एकमेकीत फसले हायेत. सासू दमादमानं फिरते, सून गरागरा. अना हे कागदावानी वायसर दिसते का मधात? हा नवरा. हा जाड झाला तं दोघी जाम होतेत. पातळ झाला तं दिवसभर कटकट."

"अना ग्रीस कायले मंग?" समोरचा विचारी.

"ग्रीस म्हंजे दिवाळीची साडी बाप्पा. दोघीईले सारखी द्या लागते."

"सून झिजली तं सून बदलवून टाकू का?"

"एकली नाई बदलवता येत. जोडी हाये ते. नवी सून आनली अना सासू जुनीच ठेवली, तं सासू तिचे दात खाऊन टाकते."

समोरचा हसे, आणि नव्या जोडीचा खर्च मुकाट्यानं मान्य करी. मी हेच कंपनीच्या पुस्तकातल्या शब्दांत सांगितलं की लोक म्हणत, लुबाडून राह्यला हा.

खरं तर ते वायसर, म्हणजे वॉशर, दोन गिअरांच्या मध्ये नसतंच. ते मोठ्या गिअरच्या बुडाशी असतं. माझ्यानं एकदा राहवलं नाही आणि मी माझ्या टेबलावरून ते बोललो. भाऊंनी मान वर न करता म्हटलं, "मंग? नवरा बी मायच्याच बुडाशी बसते ना." कॅरेटवरचा माणूस हसून हसून खोकायला लागला आणि मी माझ्या ट्रेकडे वळलो.

भाऊ माझ्याहून चांगले मिस्त्री असते तर मी एवढा जळलो नसतो. पण ते हळू होते आणि विसराळू होते. एकदा ग्रीस भरायच्या भोकाचा बोल्ट लावायचाच राहिला. गोष्ट रंगली होती ना. मशीन दाराबाहेर जाताना मी पाहिलं, मागून धावत जाऊन बोल्ट लावून दिला. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊनं पाठवलं का? लई ध्यान असते त्यायचं."

सिंदेवाहीकडच्या एका राईस मिलवाल्याचं तर मी कधी विसरणार नाही. चांगला धिप्पाड गडी. मशीन घेऊन आला तो घामाघूम, पातं वाकलेलं, नटाच्या कडा गोल झालेल्या. पातं काढायला त्यानं मिलमधली माणसं पान्यावर उभी केली होती. तो आधी माझ्याकडे आला. मी सांगितलं, "उलटे आटे आहेत याला. तुम्ही सोडत नव्हता, आवळत होता." उत्तर अगदी बरोबर होतं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं मशीन उचलली आणि सरळ निळ्या कॅरेटवर जाऊन बसला. भाऊंनी नट पाहिला आणि म्हणाले, "मी बी पयल्या खेपी असाच फसलो. मी अना माहा साळा, दोघं पान्याले लोंबकळलो. पाना सटकला अना दोघंई धानाच्या बांधीत, चिखलात." मिलवाला खुलला. दुपारपर्यंत बसला, चहा प्याला, आणि पुढे मिलमधलं सगळं काम भाऊंकडे आणू लागला. नंतर भाऊ तीच गोष्ट दुसऱ्या एकाला सांगताना मी ऐकली, तेव्हा पान्याला साळ्याच्या जागी सासरा लोंबकळत होता. भाऊ कधी फसलेच नसणार. मला खात्री आहे.

मीही करून पाहिलं. भाऊ एका लग्नाला गेले होते तेव्हा मी एक कॅरेट मिळवलं, पालथं घातलं, एका पोराला बसवलं आणि "ही मोठी चक्री म्हणजे सासू" अशी सुरुवात केली. त्यानं मोबाईलमधून डोकं वर काढून विचारलं, "किती टाइम लागन?" मी हवा तापवायची गन लावली.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते मात्र घरचं. बायको एकदा डबा द्यायला दुकानात आली. मला गिऱ्हाईक होतं म्हणून ती थांबली, आणि भाऊंनी तिला कॅरेट दाखवलं. मी इकडे लॉक बसवत होतो आणि तिकडे माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती. रात्री जेवताना तिनं मला सगळी मुंडी समजावून सांगितली. सासू, सून, नवरा, साडी. लग्न झाल्यापासून मी तिला माझं काम सांगायचा प्रयत्न करत होतो आणि ती "हो का" म्हणून भाजी वाढत होती.

"तुमी काऊन नाई सांगत असं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना सरळ म्हटलं, "भाऊ, सारं गाव त्या कॅरेटवर बसून गेलं. मले तं तुमी हे गोष्ट कधी सांगतलीच नाई."

त्यांनी खरोखरच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तुले काय सांगू गा, आयटीआय? तुले तं सारं येते."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी फुशारलो असतो. भाऊंनी म्हटलं आणि मी माझ्या ट्रेतले पुसलेले भाग पुन्हा पुसत बसलो. ती गोष्ट मी रोज ऐकत होतो, पण बाजूच्या टेबलावरून, दुसऱ्याच्या ताटातलं पाहावं तशी.

भाऊंचे दोन नियम होते. उघडलेली मुंडी ते त्याच दिवशी जोडत नसत. धुऊन पानांवर रात्रभर ठेवत. "हवा लागू दे त्याले," म्हणत. याला कुठलाही आधार नाही. आणि दुसरा, जो खोलेल त्यानंच जोडायचं. दुसऱ्यानं उघडलेल्या मुंडीला ते शिवत नसत आणि त्यांनी उघडलेलीला कोणाला शिवू देत नसत. दुकानाच्या मालकानं अनेकदा डोक्याला हात लावला, पण गिऱ्हाईक भाऊंचं होतं, मालकाचं नव्हतं.

त्या साली पानगळ सुरू झाली तेव्हा सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावाहून एक बाई आल्या. त्यांच्या गावच्या ग्रामसभेची मशीन होती. बाई गोंड समाजातल्या, गावातल्या जाळरेषेचं काम त्यांच्याकडे. भाऊंनी मुंडी उघडली, धुतली, पानांवर मांडली, गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "उद्या या बाई. मीच उघडली, मीच बंद करून देतो." दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. पहाटे त्यांना लकवा मारला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यातून ते घरी परतले तेव्हा वाचा शाबूत होती, थोडी जड, पण उजवा हात गेला होता.

इतके दिवस ती मुंडी त्यांच्या टेबलावर तशीच पडली होती. पानं सुकून कडांनी वळली होती. मालक म्हणाला, "आता तूच लाव ती." मी हात पुसत होतो, एवढ्यात बाई आल्या.

"कोनी हात लावू नका," त्या म्हणाल्या.

मालकानं समजावलं की भाऊंचा हात चालत नाही, हा मिस्त्री शिकलेला आहे, अर्ध्या तासात देईल.

"असन शिकलेला. पन भाऊनं जबान देली मले."

"बाई," मी म्हणालो, "पाला वाळून राह्यला. जाळरेषा काढायची हाये का नाई तुमाले?"

"काढाचीच हाये. आमचं सारं जंगलावरच हाये. मोह पडन आता, फुलं वेचाले कोनी झाडाच्या बुडाशी आग लावली तं राहते का काई?" त्यांनी टेबलावरच्या पानांकडे पाहिलं. "त्यायच्या घरी घेऊन चाला ना मंग."

अशी ती वरात निघाली. मालकानं कुठूनसं सूप आणलं, त्यात ती पानं जशीच्या तशी ओळीनं ठेवली, आणि बाई माझ्या गाडीवर मागे बसल्या, मांडीवर सूप, सुपावर पदर. नळी आणि इंजिन मी पुढे आडवं बांधलं होतं. आयुष्यभर नेमकं काम केलेला माणूस मी, आणि सुकलेली पानं उडू नयेत म्हणून गाडी रेंगाळत चालवत होतो. मनात इतका संताप होता की खड्डे दिसत नव्हते.

भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. पांढरा शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, केस विंचरलेले. सगळं त्यांच्या बायकोनं, वहिनींनी केलेलं. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला होता.

"कोनी हात लावला का याले?"

"नाई भाऊ. मी लावू देल्ला नाई," बाई म्हणाल्या.

भाऊंनी सूप पाहिलं, एकेक पान पाहिलं. मग वहिनींना म्हणाले, "पानी ठेव. चहा बी ठेव." आणि मला, "बस, आयटीआय. जोड."

"तुमी बंद करतो म्हनले होते," बाई म्हणाल्या.

"मीच करून राह्यलो ना. हात त्याचा हाये फक्त."

मी उठून जाणार होतो. खरंच जाणार होतो. पण बाई ओट्याच्या कडेला सरसावून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत त्या जाळरेषेची काळजी स्पष्ट दिसत होती. मी जमिनीवर मांडी घातली. वाटलं, आता हा माणूस मला शिकवणार, हे उचल, ते ठेव. त्यांनी मला एक अक्षर सांगितलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाईंना गोष्ट सांगू लागले, पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी सासू म्हटलं की मी मोठा गिअर उचलायचो, सून म्हटलं की लहान. मला तसं करायचं नव्हतं, पण पानं त्याच क्रमानं होती. वायसर पातळ झालेलं होतं. मी माझ्या खिशातलं जरा जाड वायसर काढून घातलं, गिअर बोटानं फिरवून पाहिले, कुठेही अटकाव नाही, कुठेही ढिलाई नाही. इतकी चांगली मुंडी मी आजवर जोडली नव्हती. शेवटी लॉक दाबलं. ते खाचेत टक्कन बसलं, तेव्हा भाऊ वाक्याच्या मध्येच थांबले, आणि मग पुढे सांगू लागले.

बाईंनी मशीन अंगणाबाहेर नेऊन चालू केली. मुंडीचा आवाजच नव्हता, फक्त इंजिनाचा. त्या परत आल्या आणि भाऊंपुढे वाकल्या.

"भाऊ, तुमच्या हाताले तोड नाई."

मी चिंधीनं माझ्या हातांचं ग्रीस पुसत होतो. भाऊंचा हात मांडीवर होता तिथंच होता. मला वाटलं, आता तरी ते माझ्याकडे बोट दाखवतील, निदान लाजतील. भाऊंनी शांतपणे मान डोलावली.

"बोल्लो होतो ना, मीच बंद करून देतो."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्या बाजूनं काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं. त्यायची जबान राह्यली."

त्या गावची जाळरेषा वेळेत निघाली आणि बाईंनी बाजारात सगळीकडे सांगितलं की भाऊ अजून मुंड्या जोडतात. त्याचा परिणाम काय होणार होता ते मला कळायला हवं होतं. लोक दुकानात यायचे आणि माझ्यासमोर मशीन ठेवून विचारायचे, "भाऊच्या समोर जोडता ना?" आता रविवारी मी एखादी मुंडी घेऊन त्यांच्या अंगणात जातो. निळं कॅरेटही मीच गाडीला बांधून तिकडे पोचवलं. गिऱ्हाईक त्यावर बसतं, भाऊ खाटेवर, मी जमिनीवर. कौतुक खाटेकडे जातं. मी अजून जळतो. रविवारी सकाळी शर्टाला इस्त्री करताना बायको विचारते, "आज बी रागातच जाता का?" तर मी हो म्हणतो. पण पांढराच शर्ट घालून जातो, आणि तो परत येतो तेव्हा धुण्याच्या लायकीचा नसतो.

परवाच्या रविवारी ऊन फार होतं. गिऱ्हाईक गोष्टीच्या मध्येच तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला टपरीवर गेलं. भाऊंची मान हळूहळू खाली आली आणि त्यांचा डोळा लागला. काम जवळपास झालं होतं. सासू आत होती, सून आत होती, फक्त लॉक दाबायचं राहिलं होतं. एका क्षणाचं काम. मी लॉक प्लायरमध्ये धरून थांबलो. का थांबलो ते सांगता येत नाही. लॉक टक्कन वाजेल आणि ते जागे होतील, एवढंच डोक्यात होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, अंगणभर पाहिलं. कॅरेट रिकामं होतं.

"कुठवरी आलो होतो गा आपून?"

"नवऱ्यापर्यंत," मी म्हणालो.

"नाई. मले नाई ध्यानात. पयल्यापासूनच सांगा लागते." त्यांनी डाव्या हातानं कॅरेट दाखवलं. "बस."

मी प्लायर सुपात ठेवली आणि उठून कॅरेटवर बसलो.

"हे मोठी चक्री दिसते ना," भाऊ म्हणाले, "हे सासू."

तेवढ्यात गिऱ्हाईक खर्रा चोळत फाटकाशी आलं. मी ग्रीसनं भरलेला हात वर केला आणि त्याला तिथंच, बाहेर उन्हात थांबवलं.